गावात गाडी लावताना

तालुक्याच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी गाडी कुठेही उभी केली तरी चालते, हा समज चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 शहराला आणि खेड्याला सारखाच लागू आहे.

‘नो पार्किंग’चा फलक नसला तरी काही जागा मुळातच वर्ज्य आहेत: पदपथ, झेब्रा पट्टे, पूल, वळण, बसथांबा आणि कुणाच्याही फाटकासमोरची जागा. याबाबतचे तपशील वाहन चालवण्याच्या 2017 च्या केंद्रीय नियमांत आहेत. उलट, दुकानदाराने स्वतःच रंगवलेल्या ‘येथे गाड्या लावू नयेत’ या पाटीला अधिकृत वाहतूक फलकाचा दर्जा नसतो. पण तिथे गाडी लावून दुकानाची वाट अडवली, तर ते नियमबाह्यच.

दंड किती? महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून नो पार्किंगसाठी पहिल्यांदा 500 रुपये आणि पुन्हा तीच चूक केल्यास 1500 रुपये तडजोड शुल्क आहे. गाडी उचलून नेली, तर तो खर्चही मालकाच्या माथी. बंदी असलेल्या जागेवरची किंवा दहा तासांहून अधिक बेवारस उभी असलेली गाडी पोलीस कलम 127 नुसार हलवू शकतात.

या कायद्याखालील चलान पोलीस किंवा परिवहन विभागाचे अधिकारी करतात. पार्किंग तळावर नगरपरिषदेचा ठेकेदार घेतो ते शुल्क वेगळे. त्याची छापील पावती मागून घ्यावी. ई-चलान चुकीचे वाटल्यास वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.