सोळाव्या वर्षी मेंदू बदलतो, आई होतानाही बदलतो. दोन्ही एकाच वेळी घडलं तर? पुण्याजवळच्या गावांतलं संशोधन काय सांगतं

घरोघरी ऐकू येणारी दोन वाक्यं आहेत. एक दहावी-अकरावीतल्या पोरांबद्दल: "याचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं." दुसरं नुकत्याच बाळंत झालेल्या बाईबद्दल: "बाळ झाल्यापासून हिच्या काही लक्षातच राहत नाही."

दोन्ही वाक्यं टोमणा म्हणून बोलली जातात. पण मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना यात एक धागा सापडलाय. २०१९ मध्ये स्पेनमधल्या संशोधक सुझाना कार्मोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आई झालेल्या २५ बायका आणि वयात येणाऱ्या २५ मुली यांच्या मेंदूचे एमआरआय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही गटांत मेंदूच्या बाहेरच्या थराचं, म्हणजे ग्रे मॅटरचं आकारमान कमी होत होतं. नुसतं कमी होत नव्हतं, तर महिन्याला कमी होण्याचा वेगही जवळपास सारखाच होता.

मेंदू कमी होतो म्हटलं की दचकायला होतं. पण ही झीज नव्हे.

द्राक्षबागेची छाटणी आणि मेंदू

नारायणगाव-जुन्नरकडच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला ही गोष्ट पटकन कळेल. वेल वाढतो तसा वाढू दिला तर नुसता पाला माजतो. म्हणून वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी.

मेंदूतही लहानपणी पेशींमधल्या जोडण्या गरजेपेक्षा जास्त तयार होतात. वयात येताना वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात, बिनवापराच्या गळून पडतात. अमेरिकेतल्या जे गिड यांच्या गटाने १९९९ मध्ये त्याच मुलांचे साधारण दोन वर्षांच्या अंतराने स्कॅन काढून हा चढ-उतार दाखवला. ग्रे मॅटर वयात येण्याच्या सुमारास शिखरावर पोहोचतं आणि मग उतरू लागतं. कपाळामागचा भाग, जो पुढचा विचार करणं, रागाला आवर घालणं अशी कामं बघतो, तो सगळ्यात शेवटी तयार होतो. त्याचं काम विशीच्या मध्यापर्यंत चालू असतं.

दुसरी मोठी छाटणी गरोदरपणात होत असावी, असं या संशोधकांना वाटतं. 'असावी' म्हणायचं कारण म्हणजे एमआरआयमध्ये आकारमान दिसतं, एकेक जोडणी दिसत नाही. कार्मोना यांच्याच गटाचा २०१७ चा अभ्यास यात मैलाचा दगड मानला जातो. गरोदर राहण्याआधी आणि बाळंतपणानंतर अशा दोन्ही वेळच्या स्कॅनमधला फरक इतका स्पष्ट होता, की केवळ त्यावरून कोणती बाई या काळात आई झाली आणि कोणती नाही, हे कॉम्प्युटरने अचूक ओळखलं. बदल मुख्यतः समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखणाऱ्या भागांत होते आणि दोन वर्षांनंतरही टिकून होते. ज्यांच्यात बदल जास्त, त्यांची बाळाशी जवळीकही जास्त दिसली. आणि 'लक्षात राहत नाही'चं काय? त्या अभ्यासातल्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत आयांचे गुण घसरले नव्हते. रात्री चार वेळा उठणाऱ्या माणसाला चष्मा सापडत नसेल, तर त्याचा दोष मेंदूला देण्याआधी झोपेचा हिशेब बघायला हरकत नाही.

२०२४ मध्ये तर कॅलिफोर्नियातल्या मेंदूसंशोधक एलिझाबेथ क्रास्टिल यांनी स्वतःचाच मेंदू अभ्यासाला दिला. गर्भधारणेच्या आधीपासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्यांचे २६ स्कॅन काढले गेले. आठवडे पुढे सरकतील तसतसा मेंदूतला बदल कसा होत जातो, याचा इतका बारीक नकाशा पहिल्यांदाच मिळाला.

मग सोळा-सतराव्या वर्षी आई झाली तर?

हा प्रश्न आपल्याकडे पुस्तकी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालं होतं. परभणीत हा आकडा ४८ टक्के, बीडमध्ये जवळपास ४४ टक्के. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. देशाची सरासरी ६.८ टक्के. म्हणजे 'पुरोगामी महाराष्ट्र' इथे सरासरीच्याही मागे आहे.

पुण्याला मुलीच्या वयाचा वाद नवा नाही. १८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा करण्याच्या कायद्यावरून हे शहर दुभंगलं होतं. टिळक विरोधात, आगरकर बाजूने. तेव्हा भांडण धर्मशास्त्र आणि परक्या सरकारची ढवळाढवळ यांवर झालं. आज वाद होतो तेव्हा मेंदूविज्ञानाचा दाखला दिला जातो, आणि इथे जरा थांबायला हवं. वरचे आईपणाचे अभ्यास झाले ते युरोप-अमेरिकेतल्या सज्ञान, बहुतांशी ठरवून आई झालेल्या बायकांवर. 'किशोरवयीन मुलगी आई म्हणून कमी पडते' असं त्या स्कॅनमधून निघत नाही. एवढंच निघतं, की स्वतःची पहिली छाटणी अर्धी झालेली असताना तिच्या मेंदूवर दुसरी येऊन पडते, आणि तीही अपुरी झोप, सुटलेली शाळा, नवं घर या सगळ्यासकट.

शरीराचं गणित मात्र जास्त स्पष्ट आहे. बांगलादेशातल्या ग्रामीण भागात किशोरवयीन मुलींची मापं घेतली गेली. गरोदर न राहिलेल्या मुलींची उंची वाढत राहिली, गरोदर राहिलेल्यांची थांबली, वर वजनही घटलं. वाढत्या वयाची मुलगी आणि तिच्या पोटातलं बाळ एकाच ताटातून जेवत असतात.

पुण्याजवळची सहा गावं

ताटाचा विषय निघाला, की पुणेकरांच्या घराजवळच एक जागतिक महत्त्वाचा अभ्यास सापडतो. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत एक काम सुरू केलं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनचे संशोधक सोबत होते. लग्न झालेल्या बायकांची नोंद गर्भधारणेच्या आधीपासून ठेवायची, त्या काय खातात, किती राबतात हे लिहायचं आणि जन्मलेल्या बाळांचा माग वर्षानुवर्षं घेत राहायचा. 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' या नावाने तो जगभर ओळखला जातो. साडेसातशेहून जास्त मुलं त्यात जन्मली.

या अभ्यासात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. दोन तृतीयांशाहून अधिक गरोदर बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळतं. ताटात भाकरी-भाजी असेल आणि दुधाचा थेंब चहापुरता, तर कमतरता ठरलेलीच. चेतातंतूंवर जे वेष्टण असतं, ते घडायला बी-१२ लागतं. पुढे ही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या, तर गरोदरपणी बी-१२ अगदी कमी असलेल्या आयांची मुलं एकाग्रतेत आणि तात्पुरत्या स्मरणात मागे पडलेली दिसली.

मग गरोदर बाईला बी-१२ दिलं की झालं? इथे खरी अडचण आहे. बाळाचा मेंदू आणि मणका ज्यापासून घडतो, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. दवाखान्यात नाव घालेपर्यंत पायाचं काम उरकलेलं असतं.

म्हणून याज्ञिक यांच्या गटाने उलटा विचार केला. ज्या बाळांची १९९३ नंतर मापं घेतली, ती आता सतरा-अठराची झाली होती. उद्याचे आई-बाप तेच. २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'प्रिया' या चाचणीत साडेपाचशेहून जास्त किशोरवयीन मुला-मुलींचे तीन गट केले. एकाला रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२, दुसऱ्याला बी-१२ सोबत इतर पोषकद्रव्यं, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. लोह आणि फॉलिक ॲसिड सगळ्यांनाच. मुलींना हे पहिल्या बाळंतपणापर्यंत द्यायचं ठरलं.

त्यांची मुलं दोन ते साडेतीन वर्षांची झाल्यावर विकासाची चाचणी झाली. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसतं बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं आकलनात आणि भाषेत सरस ठरली. गंमत अशी, की बी-१२ सोबत बाकी सगळं घेतलेल्या गटात तसा फरक दिसला नाही. तपासलेली मुलं पाऊणशेही नव्हती. त्यामुळे 'गोळी घ्या, हुशार बाळ मिळवा' असं कुणी रीलमध्ये विकत असेल, तर पुढे सरकवा. पण आई होण्याआधीची, किशोरवयातली काही वर्षं पुढच्या पिढीच्या मेंदूपर्यंत पोहोचतात, याचा एवढा थेट पुरावा फार कमी ठिकाणी मिळालाय.

आणि बाप?

'प्रिया'त मुलगेही होते, हे सहसा सांगितलं जात नाही. मेंदूच्या बाबतीतही बापाला वगळता येत नाही. २०२२ मध्ये स्पेन आणि कॅलिफोर्नियातल्या पहिलटकर बापांचे स्कॅन प्रसिद्ध झाले. त्यांच्याही मेंदूच्या बाहेरच्या थरात बदल होते, आयांपेक्षा बरेच कमी. पोटात बाळ न वाढवताही मेंदू बदलतो, याचा अर्थ सगळं श्रेय हार्मोन्सचं नाही. बाळाला अंघोळ घालणं, रात्री खांद्यावर घेऊन फिरणं याचाही त्यात वाटा असावा, असं संशोधक मानतात.

शाळेतली निळी गोळी

सरकारी योजनेत किशोरवयीन मुला-मुलींना शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला एक निळी गोळी मिळते. त्यात लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. पुण्याच्याच अभ्यासात असंही दिसलं होतं, की आईचं फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी असेल, तर सहाव्या वर्षी मुलांमध्ये इन्सुलिन नीट काम न करण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे पुढे मधुमेहाचा धोका. त्या गोळीत बी-१२ घालावं, हा मुद्दा याज्ञिक यांच्यासारखे संशोधक मांडत आले आहेत.

२ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? साधारण अर्ध्या लिटर दुधात असतं तेवढं. मुलींचं लग्नाचं वय १८ वरून २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच रद्द झालं. निळी गोळी मात्र आठवड्याला येते आहे. आणि १९९३ नंतर त्या सहा गावांत जन्मलेल्यांची मुलं आता पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागली आहेत.