झोप उडवणारी गोळी आणि हृदय

दिवसा अनावर झोप येणाऱ्या नार्कोलेप्सीच्या रुग्णांसाठी अमेरिकेत १९९८ साली मोडाफिनिलला मान्यता मिळाली. मेंदूत डोपामिन पुन्हा शोषलं जाण्याला ही गोळी अटकाव करते आणि जाग टिकते. मात्र काहींचा रक्तदाब आणि नाडीचे ठोकेही वाढतात. हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत जाड झाली असेल, तर औषधाच्या माहितीपत्रकातच या गोळीची शिफारस नाही.

खरी गुंतागुंत यकृतात आहे, आणि तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. अँजिओप्लास्टीनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी क्लोपिडोग्रेल यकृतातल्या विकरांमुळेच कार्यक्षम होते. त्यांतल्या एका महत्त्वाच्या विकराला मोडाफिनिल रोखतं, त्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटू शकतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर रक्त गोठायला लागणारा वेळ तपासणारी आयएनआर चाचणी अधिक वेळा करावी लागते. शिवाय सकाळी आठला घेतलेल्या गोळीचा जवळपास निम्मा अंश रात्री अकरालाही रक्तात असतो.

म्हणून झोपेच्या डॉक्टरांकडे जाताना हृदयाच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. पहिले काही आठवडे बीपी आणि नाडी वहीत लिहा. छातीत दुखलं किंवा धडधड वाढली, तर वाट न पाहता डॉक्टरांना गाठा. हृदयाची गोळी मात्र परस्पर बंद करू नका.