साक्षरता वर्गात राजकीय व्यंगचित्राचे वाचन

साक्षरता वर्गात येणारा प्रौढ अक्षराला नवखा असला तरी चित्राला नवखा नसतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत असंख्य निरक्षर मतदारांनी चिन्ह पाहूनच मत दिले. तथापि निवडणूक-चिन्ह व व्यंगचित्र यांत भेद आहे. चिन्ह ठरलेल्या उमेदवाराचे असते. व्यंगचित्रातील वस्तूला चित्रकाराने त्या प्रसंगापुरता अर्थ दिलेला असतो. तो शोधावा लागतो. प्रौढाला हसू आले म्हणजे चित्र समजले, असे शिक्षकाने मानू नये.

उदाहरणादाखल शंकर यांचे १९४९ मधील चित्र घ्यावे. ‘राज्यघटना’ असे लिहिलेल्या गोगलगायीवर डॉ. आंबेडकर चाबूक घेऊन बसले आहेत. मागे पंडित नेहरूंनी चाबूक उगारला आहे आणि लोक ते पाहत आहेत. प्रथम एवढेच वदवून घ्यावे. अर्थ विचारू नये. नेहरूंची ओळख देताना नगरच्या किल्ल्याचा उल्लेख करावा. १९४२ ते १९४५ या काळात ते तेथे बंदिवासात होते.

खरी अडचण गोगलगायीपाशी येते. आपल्याकडे गोगलगाय म्हटली की ‘पोटात पाय’ हे शब्द आधी ओठांवर येतात, म्हणजे वरून गरीब व आतून लबाड. हा अर्थ लावल्यास राज्यघटनाच कपटी ठरेल! कोणी असे उत्तर दिल्यास ‘चूक’ म्हणून त्यास गप्प करू नये. ‘मग चाबूक कशासाठी?’ असे विचारावे. बैल हाकणाऱ्यास याचे उत्तर सांगावे लागत नाही: जनावर हळू चालते म्हणून. चित्राचा रोख दिरंगाईवर आहे. घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी झाली आणि घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेस हा काळ अधिक होता काय, हेही वर्गास विचारावे. कारण व्यंगचित्र हे चित्रकाराचे मत असते, पुरावा नव्हे.

नेहरूंचा चाबूक गोगलगायीवर आहे की स्वारावर? हेच चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात होते. २०१२ मध्ये त्यावरून संसदेत तीव्र आक्षेप घेतले गेले, पुस्तकाच्या दोन प्रमुख सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पुण्यात त्यांपैकी एकाच्या कार्यालयाची मोडतोड झाली. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला, त्यांना तो चाबूक केवळ घाईची खूण वाटत नाही. वर्गात असा आक्षेप निघाल्यास तो हसण्यावारी नेणे अनुचित होय. आक्षेप घेणाऱ्यास पुरते बोलू द्यावे. नंतर दोन्ही बाजूंच्या प्रौढांनी चित्रातील कोणती रेषा आपल्या म्हणण्यास आधार देते, ते बोट ठेवून दाखवावे.

शिक्षकाने या वेळी स्वतःचे राजकीय मत सांगू नये. गावच्या निवडणुकीच्या दिवसांत चालू राजकारणावरील चित्र न घेतलेलेच बरे. शेवटी चित्राखालील मजकूर झाकून प्रत्येकाने आपल्या शब्दांत एक ओळ पाटीवर लिहावी. शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नये.