नवी स्नोमोबाईल घेताय? आधी वळण बघा, मग हॉर्सपॉवर

आजचा विषय थंड आहे, पण खिशाला चांगलाच गरम पडणारा आहे. स्नोमोबाईल!

गुलमर्ग किंवा सोलंगला गेला असाल तर तुम्ही ती पाहिली असेल. पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा फिरणारा रबरी पट्टा, आणि मोटरसायकलसारखं हँडल. तिथे आपण चालकाच्या मागे बसून एक फेरी मारतो, फोटो काढतो, संपलं. मी राहतो अमेरिकेत, मिनेसोटामध्ये. इथे हा पर्यटकांचा खेळ नाही, गावागावातला हिवाळी छंद आहे. राज्यात स्नोमोबाईलसाठी सुमारे २२ हजार मैलांचे ट्रेल्स आहेत आणि त्यातले बहुतेक स्थानिक क्लबची माणसं सांभाळतात. बऱ्याचदा रात्री ग्रूमर नावाचं मोठं यंत्र ट्रेलवरून फिरतं, उंचवटे तासतं, बर्फ दाबून सपाट करतं. मग थंडीत तो बर्फ घट्ट बसतो. हा झाला ग्रूम्ड ट्रेल. आज फक्त याच ट्रेलसाठी मशीन कशी निवडायची आणि आपल्या अंगाला कशी बसवून घ्यायची, ते बोलू.

वळण महत्त्वाचं का?

ग्रूम्ड ट्रेल म्हणजे मोकळं मैदान नाही. तो झाडांमधून जातो, अरुंद असतो, दोन्ही बाजूंनी वाहतूक असते आणि वळणापलीकडचं दिसत नाही. पुढच्या स्कींनी पकड सोडली की मशीन बाहेरच्या बाजूला सरकते. तिकडे समोरून येणाऱ्याची लेन असते. इथला माणूस मरतो तो बहुतेक वेळा सरळ रस्त्यावर वेग कमी पडला म्हणून नाही, एवढं तर तुम्हालाही पटेल. म्हणून माझं म्हणणं साधं आहे : ट्रेलवर चालवायची मशीन घेताना आधी वळणावरची पकड, मग थांबण्याची क्षमता, मग ऊब, आणि सगळ्यात शेवटी ताकद. पैसे याच क्रमाने खर्च करायचे.

दुकानात मात्र क्रम उलटा असतो. मी गेलो तेव्हा विक्रेत्याने पहिल्या पाच मिनिटांत ८५० सीसीचं इंजिन आणि १५४ इंची ट्रॅक दाखवला. "एकदाच घ्या, सगळीकडे चालेल." मी म्हटलं, दादा, मला सगळीकडे जायचंच नाहीये!

ट्रॅक : लांब म्हणजे चांगला, असं नाही

ट्रॅक म्हणजे मागचा रबरी पट्टा. त्याची लांबी इंचांत मोजतात. १५५, १६५ इंची ट्रॅक डोंगरातल्या भुसभुशीत बर्फासाठी असतात. त्यावरचे रबरी दात, म्हणजे लग, अडीच-तीन इंच उंच असतात, कारण त्यांना खोल बर्फात वल्ह्यासारखं काम करायचं असतं. हेच दात कडक ट्रेलवर वाकतात, तापतात, झिजतात. शिवाय डोंगरी मशीनच्या दोन स्कींमधलं अंतर कमी असतं, म्हणजे उतारावर ती सहज कलवता येते. ट्रेलच्या वळणावर तीच गोष्ट नको असते.

ट्रेलसाठी १२९ ते १३७ इंच लांबी आणि साधारण सव्वा इंचाचे लग हा नेमका टप्पा. १२९ वळायला चपळ. १३७ थोडी जड वळते, पण दुपारनंतर ट्रेल खडबडीत झाला की खड्ड्यांवरून अलगद जाते, आणि ब्रेक लावताना जमिनीला जास्त रबर टेकलेलं असतं. मी १३७ घेतली. स्कींमधलं अंतर ४२-४३ इंचांच्या आसपास आहे ना, तेही बघून घ्या.

इंजिन : गणित करून बघा

मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि पाण्यावर स्नोमोबाईलला ताशी ५० मैलांची मर्यादा आहे. म्हणजे ताशी ८० किलोमीटर. या वेगात तुम्ही एका सेकंदात २२ मीटर पुढे जाता. समोर हरीण दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ३३ मीटर गेले, आणि अजून ब्रेक लागलेलाच नाही! आता सांगा, १६५ हॉर्सपॉवर कुठे वापरणार?

६०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन साधारण १२० हॉर्सपॉवर देतं. पहिल्या मशीनला ते भरपूर आहे. टू-स्ट्रोक हलकं, त्यामुळे पुढचा भाग चपळ राहतो. पण पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्याचा खर्च धरा. फोर-स्ट्रोक शांत असतं, पेट्रोल कमी पितं, दिवसभराच्या लांब प्रवासाला छान. पण वजन जास्त आणि ते पुढे असतं, म्हणून घट्ट वळणात हातांना जाणवतं. गिअरची चिंता नको. आपल्या अॅक्टिव्हासारखाच बेल्टवर चालणारा सीव्हीटी असतो. फक्त तो बेल्ट तुटू शकतो, म्हणून एक जादा बेल्ट कायम मशीनवरच ठेवायचा.

कंपनी कुठली? पोलॅरिस १९५४ मध्ये याच राज्यातल्या रोझो गावात सुरू झाली. स्की-डू क्यूबेकमधल्या वॅलकोर्टची. यामाहाने २०२३ मध्ये जाहीर केलं की २०२५ चं मॉडेल शेवटचं. पण नावापेक्षा मी एवढंच बघेन : घरापासून तासाभरात दुरुस्ती करणारा माणूस आहे का? आणि हो, कंपन्या पुढच्या हिवाळ्याच्या ऑर्डरी वसंतात घेतात, काही रंग आणि शॉक-अॅब्सॉर्बर तेव्हाच मिळतात. त्या घाईत पडण्याआधी एक-दोन दिवस भाड्याची मशीन चालवून घ्या.

सस्पेन्शन : फुकटातली सगळ्यात मोठी सुधारणा

मागे कुणी बसणार असेल तर मेकॅनिक बाइकचा मागचा शॉक कडक करून देतो, आठवतंय? तेच इथे. फरक एवढाच की कारखान्यातली जुळणी एका सरासरी चालकाला धरून असते, आणि माझ्यासारखा ६४ किलोचा माणूस त्यात बसत नाही. स्प्रिंग वजनाच्या मानाने कडक राहिली की मागचा भाग प्रत्येक उंचवट्यावर लाथ मारतो.

पद्धत सोपी आहे. मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण मोकळं करा, बंपरपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. मग बूट, हेल्मेट, जाड कपडे, सगळं घालून बसा आणि मित्राला परत मोजायला सांगा. दोन्हीतला फरक किती हवा, ते तुमच्या मॅन्युअलमध्ये असतं. प्रीलोड फिरवून तिथे आणा.

वळताना मशीन सरळच जायला बघते? मग स्कींवर वजन कमी पडतंय. ट्रॅकच्या आतल्या पुढच्या शॉकचा प्रीलोड थोडा सैल करा, किंवा लिमिटर स्ट्रॅप एक घर आखूड करा. उलट हँडल जड झालं, मशीन डावी-उजवीकडे हुंदडायला लागली, तर तेवढंच मागे या. एका वेळी एकच बदल, मग एक फेरी, मग पुढचा.

कार्बाइड आणि खिळे : जोडीने विचार करा

प्रत्येक स्कीखाली एक धातूची पट्टी असते, तिच्यात कार्बाइडची कडक धार बसवलेली असते. वळणाची पकड देते ती हीच धार. ती बोथट झाली की बदलायची. ट्रॅकमध्ये धातूचे खिळे ठोकता येतात, त्यांना स्टड म्हणतात. गोठलेल्या, काचेसारख्या भागावर ते ब्रेकला खूप मदत करतात. पण मागे भरपूर स्टड आणि पुढे साधी धार असेल, तर मागचा ट्रॅक पुढच्या स्कींना ढकलत सरळ नेतो. म्हणून स्टड वाढवले की कार्बाइडही वाढवायचं, हा नियम.

ठोकण्याआधी वॉरंटीत काय लिहिलंय ते वाचा, आणि ट्रॅकवरच्या पत्र्याला संरक्षक पट्ट्या लागतात का ते विचारा. इथे डांबरी सार्वजनिक ट्रेलवर, स्थानिक परवानगी नसेल तर, स्टडवाली मशीन चालत नाही. मधला मार्ग म्हणजे कारखान्यातूनच लगमध्ये छोटी टोकं बसवलेला ट्रॅक.

दोन बोटं बर्फ खरवडणारी

ही गोष्ट ग्रूम्ड ट्रेलवाल्यांसाठीच. इंजिनाचं कूलंट ट्रॅकवरच्या पत्र्याखालून फिरतं आणि ट्रॅकने उडवलेल्या बर्फाने थंड होतं. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो, त्यांनाही हाच बर्फ वंगण देतो. कडक ट्रेलवर बर्फ उडतच नाही! तापमान चढतं, प्लास्टिक वितळतं. उपाय म्हणजे आइस स्क्रॅचर : दोन्ही बाजूंना लावलेली स्प्रिंगची बोटं, जी खालचा बर्फ खरवडून वर उडवतात. सगळ्यात स्वस्त सुटा भाग, आणि मी सगळ्यात आधी बसवला तो हाच.

उरलेल्या पैशांत

उंच विंडशील्ड, हातांवर वारा अडवणारे गार्ड, गरम होणारी हेल्मेटची काच. ही चैन नाही. बधिर बोटं ब्रेक उशिरा दाबतात, आणि धुकं धरलेल्या काचेतून वळण दिसत नाही. किल-स्विचची दोरी जॅकेटला अडकवल्याशिवाय मशीन सुरू करायची नाही.

आणि कागदाचं काम : ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्यांना इथे सार्वजनिक जागेवर चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. तळ्यावरून जायचं तर पारदर्शक, घट्ट बर्फ किमान ५ ते ७ इंच हवा, आणि तो स्वतः मोजायचा. पुढच्याच्या खुणा बघून नाही.

स्की-डू बनवणाऱ्या जोझेफ-आर्माँ बोम्बार्डिएचा लहानगा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात गेला, कारण बर्फाने रस्ते बंद होते आणि रुग्णालयात पोचता आलं नाही. त्यानंतर बर्फावर चालणारं वाहन बनवायच्या ध्यासाला धार चढली, आणि १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. माणूस सुखरूप पोचावा म्हणून धडपडलेल्या माणसाचं हे यंत्र. ते निवडतानाही तोच निकष ठेवा.

तुमचं वजन, उंची आणि ट्रेलचा भाग लिहून पाठवा. सस्पेन्शनची जुळणी कुठून सुरू करायची, त्यावर पुढच्या भागात बोलू. तोवर उजवी बाजू धरून चालवा. भेटूच!