इंजिनाने श्वास कुठून घ्यावा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या फुलसावंगीचे नाव देशभर झाले. इथल्या एका तरुण वेल्डरने मारुती ८००चे इंजिन बसवून घरीच हेलिकॉप्टर तयार केले होते. चाचणीत पाते तुटले आणि त्यात त्याचा जीव गेला. तेव्हापासून गाडीत काही बदल करायचा झाला, की गावातली पोरे मला आधी विचारतात. परवा एकजण जुनी मारुती घेऊन आला. म्हणाला, "काका, बॉनेटला भोक पाडून हवेचा पाइप समोर काढला, तर गाडी जास्त ओढेल ना?"

प्रश्न चांगला आहे. एक लिटर पेट्रोल नीट जळायला नऊ-दहा हजार लिटर हवा लागते. गार हवा दाट असते. बाहेर ४५ अंश आणि रेडिएटरमागे ८० अंश असतील, तर तिथली हवा सुमारे दहा टक्के विरळ होते; ताकदही जवळपास तेवढीच घटते. म्हणून पाइपचे तोंड रेडिएटर आणि सायलेन्सरच्या नळीपासून दूर, बाहेरची हवा मिळेल असे हवे.

"पण समोरचा वाराही आत घुसेल ना?" घुसेल, पण ताशी १०० किलोमीटर वेगालासुद्धा त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही. आमच्या रस्त्यांवर तर तो नसल्यासारखाच. फायदा होतो तो गारव्याचा.

मग तोंड खाली, बंपरमागे ठेवावे? जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्याने पूर पाहिला आहे. नाल्याचे पाणी पाइपात शिरले, तर ते हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. आणि समोर उघड्यावर ठेवले, तर फुफाटा गाळणी लवकर भरून टाकतो. आपला ट्रॅक्टर पाहा. कित्येकांचे हवेचे तोंड बॉनेटच्याही वर असते आणि जाड धूळ तिथेच गरगरा फिरवून बाजूला काढली जाते.

मी त्या पोराला थर्मामीटर दिला. पाइपच्या तोंडाशी बांधून दोन फेऱ्या मारायला लावल्या. बाहेरच्या हवेशी फरक निघाला जेमतेम चार अंशांचा, म्हणजे एक टक्का ताकदीचा. गाळणी मात्र मातीने गच्च भरलेली होती. ती बदलली आणि बॉनेट वाचले.

पोरांनो, प्रयोग जरूर करा. पण पत्रा कापण्याआधी मोजा. आणि जिथे जिवाशी गाठ आहे, तिथे जाणत्याला दाखवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.