नाव शेवटी, पट्टी आधी

आजोबा-पणजोबांच्या मागे राहिलेलं क्लॅरिनेट पेटीतून बाहेर निघालं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे कोणतं मॉडेल? रेडिओ, घड्याळ, शिवणयंत्र यांनी आपल्याला ही सवय लावली आहे. लाकडावरची पुसट अक्षरं भिंगातून वाचायची, नंबर कागदावर उतरवायचा आणि त्यावरून नाव, वर्ष, किंमत लावून टाकायची. विसाव्या शतकाच्या मध्याआधीच्या क्लॅरिनेटला मात्र हा क्रम उलटा पडतो. त्याची ओळख त्याच्या अंगात असते आणि अक्षरं त्या ओळखीवर फार तर शिक्का मारतात. आधी पट्टी, मग चाव्या, मग घडणीचं साहित्य आणि सर्वांत शेवटी नाव, हाच क्रम धरावा असं प्रतिपादन इथे करायचं आहे. उदाहरणं मुख्यतः लंडनच्या वाद्यांची घेतली आहेत. ब्रिटिश पलटणींचे आणि संस्थानांचे बँड, पोलीस बँड, हॉटेलांतले वाद्यवृंद, पुढे मुंबईचे सिनेमा स्टुडिओ आणि या सगळ्यांना वादक पुरवणाऱ्या गोव्याच्या चर्चशाळा, या वाटेने आपल्याकडे आलेल्या जुन्या क्लॅरिनेटमध्ये ब्रिटिश वाद्यं मोठ्या प्रमाणावर होती.

पट्टीपासून सुरुवात करायची, कारण तिच्याबद्दल वाद्याला खोटं बोलता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचा सूर चढत गेला आणि मध्य सप्तकातला ‘ए’ सेकंदाला सुमारे ४५२.५ कंपनांवर जाऊन बसला. लंडनच्या फिलहार्मॉनिक सोसायटीने १८९६ मध्ये तो ४३९ वर उतरवला. आज रूढ असलेल्या ४४० वर १९३९ च्या लंडन परिषदेत एकमत झालं. लष्करी बँड मात्र १९२०च्या दशकाच्या अखेरपर्यंत चढ्या सुरालाच चिकटून होते. ४५२.५ आणि ४४० यांतलं अंतर जवळजवळ अर्ध्या स्वराचं, म्हणजे अर्ध्या ‘सेमिटोन’चं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर असं वाद्य आजच्या बाजाच्या पेटीशेजारी वाजवलं की त्याचा सूर ना पांढरीवर बसतो ना काळीवर. तो दोहोंच्या मधल्या फटीत सापडतो. काही वाद्यांवर ‘एच. पी.’ किंवा ‘एल. पी.’ अशी अक्षरं ठोकलेली असतात. ती चढ्या आणि उतरत्या सुराची खूण आहे. मॉडेलशी तिचा संबंध नाही, आणि ग्रामोफोनच्या तबकडीशी तर नाहीच.

अक्षरं नसली तरी मोजपट्टी बोलते. उतरत्या सुराचं ‘बी फ्लॅट’ क्लॅरिनेट, ज्याचा ‘सी’ आपल्या काळी पाचवर येतो, माऊथपीस वगळून साधारण ५९ ते ६० सेंटिमीटर भरतं. चढ्या सुराचं त्याहून सुमारे दोन सेंटिमीटरने आखूड असतं. पांढरी सहाचं ‘ए’ क्लॅरिनेट ६३ च्या आसपास जातं. यावर कोणी म्हणेल, मग नुसती लांबी मोजली की काम झालं. तसं होत नाही. चढ्या सुराचं ‘ए’ क्लॅरिनेट उतरत्या सुराच्या या दोघांच्या बरोबर मधे, ६१ सेंटिमीटरच्या आसपास येतं, आणि मोजणारा त्याला लांबट ‘बी फ्लॅट’ समजून बसतो. शिवाय माऊथपीसखालचा आखूड तुकडा, बॅरल, कधीतरी बदललेला असतो. म्हणून वरचा आणि खालचा जॉइंट वेगवेगळे मोजावेत आणि निकाल प्रत्यक्ष सुराने द्यावा. बॅरल थोडा बाहेर ओढला की चढा सूर खाली येतो, हेही अर्धंच खरं आहे. तसं केल्याने बॅरलजवळच्या भोकांचे स्वर जास्त उतरतात आणि लांबच्या भोकांचे कमी. वाद्य पेटीशी जुळतं न जुळतं तोच स्वतःशीच बेसूर होतं.

यानंतर चाव्या मोजाव्यात. इवान म्युलरने १८१२ च्या सुमारास पॅरिसमध्ये १३ चाव्यांचं क्लॅरिनेट पुढे आणलं. ब्रुसेल्सच्या यूजीन अल्बेरच्या नावाने ओळखली जाणारी साधी पद्धत त्याच वंशातली. क्लोझे आणि ब्यूफे यांनी १८३९ मध्ये मांडलेल्या बोम पद्धतीत साधारणपणे १७ चाव्या आणि ६ कड्या असतात. तेव्हा १३ चाव्या म्हणजे वाद्य शंभरी ओलांडलेलं, असं समीकरण चटकन सुचतं. पण साधी पद्धत विसाव्या शतकातही बनत राहिली आणि ग्रीस-तुर्कस्तानचे लोकवादक ती आजही वाजवतात. चाव्यांवरून घराणं कळतं, वय कळत नाही. घडणीच्या साहित्याबाबतही असाच एक गैरसमज आहे. काळं दिसतं ते सगळं आफ्रिकन ब्लॅकवुड नसतं. वर्षानुवर्षं उजेडात राहून काळ्याचं हिरवट-तपकिरी झालेलं आणि चोळल्यावर गंधकाचा वास देणारं वाद्य एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं असतं. ते स्वस्त म्हणून हलकं ठरवणं अन्यायाचं होईल. उष्ण, दमट हवेत लाकडाला चीर जाते, म्हणून अशा हवेसाठी एबोनाइट मुद्दाम निवडलं जाई. अशा वाद्यात पैशांच्या काटकसरीपेक्षा हवामानाचा हिशेब अधिक दिसतो.

आता नाव. लंडनच्या ‘बूझी अँड कंपनी’ आणि ‘हॉक्स अँड सन’ या दोन कंपन्या १९३० मध्ये एक झाल्या. तेव्हा नुसतं ‘हॉक्स अँड सन’ असेल तर वाद्य साधारणपणे त्याआधीचं, इतपत शिक्का मदत करतो. पुढे तो फसवायला लागतो. ‘बूझी अँड हॉक्स’चा पत्ता होता २९५, रीजंट स्ट्रीट, आणि ‘रीजंट’ हे त्यांच्याच नवशिक्यांसाठीच्या क्लॅरिनेटचं नाव. कारखाना एजवेअरला होता आणि ‘एजवेअर’ नावाचं मॉडेलही होतं. ‘लंडन’ हा शब्द मात्र केवळ गावाचं नाव. म्हणजे एकाच कंपनीच्या शिक्क्यांत एक गाव मॉडेल ठरतं आणि दुसरं गावच राहतं. पॅरिसच्या ‘ब्यूफे क्राम्पाँ’कडे तर नावाची किंमतच काळाबरोबर बदलली. ‘एव्हेट अँड शेफर’ ही अक्षरं एके काळी त्या घराण्याच्या धुरीणांची होती, नंतर तीच मधल्या दर्जाच्या वाद्यांवर आली. त्यातच दुकानदार दुसऱ्याच्या कारखान्यातून वाद्यं बनवून घेऊन त्यांवर आपलं नाव ठोकत. मग अक्षरं विकणाऱ्याची ओळख सांगतात, घडवणाऱ्याची नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप नंबराचा आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने २००४ मध्ये बूझी अँड हॉक्सचा वाद्यसंग्रह घेतला, कारखान्याच्या नोंदवह्याही तिथे आहेत; मग नंबर जुळवला की झालं, बाकी खटाटोप कशाला? नंबर मोलाचा आहे यात शंका नाही. पण तो एका तुकड्याचा असतो आणि क्लॅरिनेट पाच तुकड्यांचं. बँडमध्ये एकाचा फुटलेला खालचा जॉइंट दुसऱ्याच्या शाबूत जॉइंटने बदलणं हा दुरुस्तीचा सरळ मार्ग होता. म्हणून दोन्ही जॉइंटवर एकच नंबर आहे का, चाव्यांचे खांब एका ओळीत येतात का, हे पाहिल्याशिवाय वहीतलं वर्ष अख्ख्या वाद्याला लावता येत नाही. नोंदवहीला नेमका प्रश्न विचारायचा तर हातातल्या वस्तूचं वाचन आधीच झालेलं असावं लागतं.

हा क्रम केवळ हौशी अभ्यासकाचा नेमस्तपणा नाही. चुकला तर वाद्य जातं. बूझी अँड हॉक्सचं ‘१०१०’ हे जॅक ब्रायमर आणि जर्व्हास द पेयर यांच्यासारख्या वादकांचं क्लॅरिनेट. त्याच्या आतल्या नळीचा व्यास सुमारे १५.२ मिलिमीटर, तर फ्रेंच वाद्यांचा बहुधा १४.६ च्या आसपास. फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, पण त्यामुळे ‘१०१०’ला स्वतःचा रुंद माऊथपीस लागतो. जुना हरवला म्हणून दुकानातला सर्रास मिळणारा फ्रेंच मापाचा लावला, तर वरच्या-खालच्या सप्तकांचा मेळ बिघडतो, आणि घरात निकाल लागतो : लाकूड मेलं, वाद्य बाद. चढ्या सुराच्या क्लॅरिनेटचंही हेच होतं. पेटीशी जमत नाही म्हणून ते नालायक ठरतं, वास्तविक ते आपल्या पट्टीत बिनचूक असतं. आपल्याकडे नवा गायक बैठकीला आला की साथीदार त्याला घराण्याच्या आधी पट्टी विचारतात. पेटीतून निघालेल्या क्लॅरिनेटलाही पहिला प्रश्न तोच विचारावा.