विश्लेषण : पैसे सारखेच, मग पुणेरी पलटण पुढे आणि यू मुंबा मागे का?

प्रो कबड्डी लीगच्या १२व्या हंगामात पुणेरी पलटणने गुणतक्त्यात अव्वल स्थान मिळवले आणि अंतिम फेरीही गाठली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने त्यांना ३१-२८ असे हरवले. त्याच हंगामात राज्याचा दुसरा संघ यू मुंबा सहाव्या क्रमांकावर राहिला आणि प्ले-इन सामन्यात पाटणा पायरेट्सकडून हरून बाहेर पडला. दोन्ही संघांना लिलावात खर्चाची मर्यादा सारखीच असते. तरीही गेल्या चार हंगामांत पुणे तीनदा अंतिम फेरीत गेले आणि मुंबईला एकदाही तिथपर्यंत पोहोचता आले नाही. हा फरक मॅटवर दिसतो, पण त्याचे मूळ दोन हंगामांमधल्या काळात आहे. कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे आणि कोणावर बोली लावायची, हे तेव्हा ठरते.

या दोन संघांचीच तुलना का?

पहिले कारण अर्थातच ‘महाराष्ट्र डर्बी’. दुसरे कारण स्पर्धेच्या इतिहासात आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या हंगामात, लीगमधील १२ संघ दोन गटांत विभागले होते. पुणे आणि मुंबई दोन्ही ‘अ’ गटात होते. सातव्या हंगामापासून गट रद्द होऊन एकच गुणतक्ता आला, मात्र तुलना थांबली नाही. मुंबईने २०१५ मध्ये अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली दुसऱ्या हंगामाचे विजेतेपद मिळवले. पुण्याला पहिल्या विजेतेपदासाठी १ मार्च २०२४ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर मात्र पारडे फिरले आहे.

गेल्या चार हंगामांतील साखळी फेरीचे क्रमांक पाहा :

नववा हंगाम, २०२२ : पुणे दुसरे, मुंबई नववी
दहावा हंगाम, २०२३-२४ : पुणे पहिले, मुंबई दहावी
अकरावा हंगाम, २०२४ : पुणे आठवे, मुंबई पाचवी
बारावा हंगाम, २०२५ : पुणे पहिले, मुंबई सहावी

लिलावाचा हिशेब कसा चालतो?

प्रत्येक संघाला पूर्ण चमूसाठी ५ कोटी रुपयांची मर्यादा आहे. चमूत किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू हवेत. लिलावात खेळाडूंचे अ, ब, क, ड असे चार गट असतात आणि त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख रुपये आहेत. लिलावापूर्वी संघ काही अनुभवी आणि काही तरुण खेळाडू कायम ठेवू शकतात. सोडलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली, तर ‘फायनल बिड मॅच’ म्हणजे एफबीएम कार्ड वापरून जुना संघ त्याच रकमेला त्याला परत घेऊ शकतो. अशा खेळाडूला एक किंवा दोन हंगामांसाठी ठेवण्याची मुभा १२व्या हंगामापूर्वी मिळाली.

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये ३२ आइस हॉकी संघ चार विभागांत खेळतात आणि तिथेही खर्चावर कडक मर्यादा आहे. पण तिथे करार अनेक वर्षांचे असतात, खेळाडूंची थेट अदलाबदल चालते, त्यामुळे संघ हळूहळू बदलतो. कबड्डीत लिलावाच्या दोन दिवसांत अर्धा संघ नवा होऊ शकतो. म्हणून इथे एका चुकीच्या बोलीचा फटका मोठा बसतो.

गणित सोपे आहे. एका खेळाडूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले, तर मर्यादेचा ४७ टक्के भाग संपला. उरलेल्या २ कोटी ६५ लाखांत किमान १७ खेळाडू बसवायचे. म्हणजे सरासरी १५ लाख ६० हजारांच्या आसपास. एवढ्या पैशांत चांगला संघ उभा राहायचा असेल, तर स्वस्तात मिळालेले आणि तरीही पहिल्या सातमध्ये खेळू शकणारे तरुण खेळाडू आधीच हाताशी हवेत.

पुण्याने काय केले?

पुण्याकडे नेमके तेच होते. अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधून आलेला अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत यांनी आठव्या हंगामात पुण्याकडून पदार्पण केले. नाशिकचा आकाश शिंदे, पंकज मोहिते, बचावात अबिनेश नटराजन आणि गौरव खत्री असा तरुण गाभा तयार झाला. चढाईची बाजू बरीचशी घरचीच होती. त्यामुळे मोठी रक्कम बचावावर खर्च करता आली.

२०२२ च्या लिलावात पुण्याने इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांत घेतले. हा खेळाडू आदल्या हंगामात यू मुंबाचा कर्णधार होता. पुणे त्या वर्षी पहिल्यांदा अंतिम फेरीत गेले आणि जयपूर पिंक पँथर्सकडून ३३-२९ असे हरले.

पुढच्या लिलावाआधी पुण्याने फझललाही सोडले आणि त्याच जागेसाठी त्याच देशाचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांत घेतला. हा लिलाव ९ आणि १० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत झाला. त्याच्या दोनच दिवस आधी हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ३३-२९ असे हरवले होते. भारतीय संघात अस्लम आणि आकाश होते, समोर इराणकडून शादलुई. आता तिघे एकाच संघात आले.

निकाल सर्वांना माहीत आहे. साखळीतील २२ सामन्यांत पुणे फक्त दोनदा हरले. ९६ गुणांसह ते अव्वल राहिले. शादलुईने हंगामात पकडींचे सर्वाधिक ९९ गुण मिळवले, अस्लम हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुण्याने करंडक उचलला.

मुंबईने काय केले?

याच काळात मुंबईने उलट वाट धरली. २०२२ च्या लिलावात त्यांची मोठी खरेदी होती चढाईपटू गुमान सिंग, किंमत १ कोटी २१ लाख ५० हजार. फझल गेल्यामुळे बचावातील अनुभव कमी झाला होता आणि मोठा पैसा चढाईवर गेला. गुमानने गुण मिळवले, पण संघ नवव्या आणि पुढच्या हंगामात दहाव्या क्रमांकावर राहिला.

कबड्डीत एक चढाईपटू एका वेळी एकटा जातो. तो बाद झाला की त्याला परत मॅटवर आणण्यासाठी संघाला गुण मिळवावा लागतो आणि ते काम बहुतेक वेळा बचावाला करावे लागते. बचाव कमकुवत असेल तर महागडा चढाईपटू बराच वेळ बाहेर बसून राहतो. कोपरारक्षक मात्र प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक चढाईत सहभागी असतो. पुण्याचा पैसा अशा जागी लागला होता.

११व्या हंगामात चित्र उलटे का झाले?

ऑगस्ट २०२४ च्या लिलावाआधी विजेत्या पुण्याने शादलुईला सोडले. हरियाणा स्टीलर्सने त्याला २ कोटी ७ लाखांत घेतले. पुण्याचा भरवसा तरुण गाभ्यावर होता. पण हंगाम सुरू असताना कर्णधार अस्लमला गुडघ्याची दुखापत झाली आणि तो बाहेर पडला. विकतचा मोठा खेळाडू गेला होता, आता घरचा मोठा खेळाडूही नव्हता. गतविजेता संघ ६० गुणांवर आठवा राहिला.

मुंबईने त्याच लिलावात दिशा बदलली. गुमानला जाऊ दिले. गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी १ कोटी ९७ लाख मोजले. मुंबईने त्याऐवजी उजवा मध्यरक्षक सुनील कुमारवर १ कोटी १ लाख ५० हजारांची बोली लावली आणि त्याला कर्णधार केले. नवव्या हंगामात जयपूरला पुण्याविरुद्ध विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार हाच. चढाईचा भार तरुण अजित चौहानने उचलला. बचाव विकतचा आणि चढाई घरची, हेच पुण्याचे सूत्र होते. मुंबई दहाव्या स्थानावरून ७१ गुणांसह पाचव्या स्थानावर आली.

त्या हंगामाचा शेवट पुणेकरांना बोचणारा होता. २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्याच मैदानावर, हरियाणाने पाटणाला ३२-२३ असे हरवून विजेतेपद मिळवले. हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरला शादलुई.

२०२५ च्या लिलावात काय बदलले?

३१ मे आणि १ जून २०२५ रोजी झालेल्या लिलावात विक्रमी १० खेळाडूंनी कोटीचा आकडा पार केला. शादलुई पुन्हा सर्वात महाग ठरला, गुजरातने २ कोटी २३ लाख दिले. पुण्याने त्या शर्यतीत न पडता चढाईपटू सचिन तंवरला १ कोटी ५ लाख ८० हजारांत घेतले. आदल्या वर्षी याच सचिनसाठी तमिळ थलैवाजने २ कोटी १५ लाख मोजले होते. म्हणजे पुण्याला तो जवळपास निम्म्या किमतीत मिळाला. बचाव जमलेला होता, कमतरता अनुभवी चढाईपटूची होती आणि खरेदी तिथेच झाली. प्रशिक्षकही बदलले. बी. सी. रमेश यांच्यानंतर अजय ठाकूर यांनी सूत्रे घेतली. अस्लम परतला, आदित्य शिंदेसारखा नवा चढाईपटू पुढे आला आणि पुणे पुन्हा अव्वल ठरले.

मुंबईने सुनीलला कर्णधार म्हणून कायम ठेवले आणि चढाईपटू अनिल मोहनसाठी ७८ लाख मोजले. संघाची घडी मोडली नाही, ही जमेची बाजू. पण पाचव्यावरून सहाव्या स्थानावर जाणे म्हणजे संघ होता तिथेच राहिला.

मोठा खेळाडू सोडणे ही चूकच असते का?

नाही, आणि याचे उत्तम उदाहरण मुंबईचेच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईला त्यांनी २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांत घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढायांचे २०० हून अधिक गुण मिळवले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांत नेले. त्या वर्षी टायटन्स अकराव्या स्थानी राहिले आणि सिद्धार्थविना खेळणारी मुंबई चौथ्या स्थानी येऊन उपांत्य फेरीत गेली. कारण बचावाची सूत्रे तेव्हा फझलकडे होती.

सोडण्याचा निर्णय बरोबर की चूक, हे त्या जागेवर दुसरे कोण तयार आहे यावर ठरते. फझलच्या जागी शादलुई आला, पुणे जिंकले. शादलुईच्या जागी तेवढ्या ताकदीचे कोणी आले नाही, पुणे घसरले. १२व्या हंगामात पुण्याला अंतिम सामन्यात हरवणाऱ्या दिल्लीच्या बचावात तोच फझल अत्राचली होता. त्याला आधी मुंबईने आणि नंतर पुण्याने सोडले होते.

नांदेड-लातूरला याचे काय?

नकाशावर पाहिले तर नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ. पुण्याने विजेतेपद मिळवले तो सामनाही हैदराबादच्या गचीबावलीत झाला. १२व्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. महाराष्ट्रात एकही नाही. त्यामुळे आपल्याकडचा प्रेक्षक हे दोन्ही संघ बहुतेक मोबाइल आणि टीव्हीवरच पाहतो.

खेळाडूंसाठी मात्र वरचा हिशेब जवळचा आहे. कोटींच्या बोलीत नवख्याचे नाव येत नाही. त्याच्यासाठी दार उघडते ते उरलेल्या १५-१६ लाखांच्या जागांवर किंवा तरुण खेळाडूंच्या कोट्यातून. संघ जेवढा एका मोठ्या नावावर खर्च करतो, तेवढी त्याला स्वस्त आणि तयार तरुणांची गरज वाढते. नगर आणि नाशिकची मुले याच वाटेने वर आली.

विद्यापीठाचा मार्गही आहे. १०व्या आणि ११व्या हंगामाच्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील दोन्ही अंतिम संघांच्या खेळाडूंचा समावेश करण्यात आला होता. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतील महाविद्यालयीन खेळाडूसाठी ही वाट स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघातून जाते. आधी पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, मग अखिल भारतीय स्पर्धा आणि तिथल्या अव्वल संघांनाच खेलो इंडियाचे तिकीट. वाट लांब आहे, पण ड गटाची ९ लाखांची मूळ किंमतही शेतकरी कुटुंबातील मुलासाठी छोटी नाही.

पुढच्या लिलावात काय पाहावे?

बातम्या सर्वात महागड्या बोलीच्या होतील. त्याआधी जाहीर होणारी कायम ठेवलेल्या खेळाडूंची यादी अधिक बोलकी असते. तीन गोष्टी तपासा. अस्लमसह पुण्याचा गाभा किती शिल्लक राहतो? मुंबई सुनील आणि अजित यांच्याभोवतीच संघ बांधते की पुन्हा महागड्या चढाईपटूमागे धावते? आणि दोन्ही याद्यांत तरुण खेळाडूंची नावे किती आहेत? चार हंगामांचा अनुभव पाहता, वर कोण राहील याचा बराचसा अंदाज पहिली बोली लागण्याआधीच येईल.